टाकीत पिकणारी जडीबुटी

आम्ही कापडवाले. रंग पक्का की कच्चा, एवढेच पाहायची आमची सवय. पण रंग आणि औषध यांचे नाते जुने आहे. हळद, मंजिष्ठ, डाळिंबाची साल रंगाऱ्यालाही लागते आणि हकिमालाही.

जपानात मुरासाकी नावाच्या रोपाच्या मुळापासून जांभळा रंग काढीत आणि जखमेवरचे मलमही करीत. मूळ तयार व्हायला काही वर्षे लागत. १९८३ साली मित्सुई पेट्रोकेमिकल कंपनीने या रोपाच्या पेशी टाकीत वाढवून त्यातले शिकोनिन हे द्रव्य बाजारासाठी काढले. वर्षांचे काम साधारण तीन आठवड्यांवर आले. शेत नको, पावसाची वाट नको.

यात फायदा आहेच. आपल्या सह्याद्रीत नरक्या नावाचे झाड आहे. त्यातल्या कॅम्प्टोथेसिनपासून कर्करोगावरची औषधे बनतात, म्हणून त्याची बेसुमार तोड झाली. पेशी टाकीत वाढल्या तर झाड वाचेल.

पण मुळ्या-साली गोळा करून पोट भरणाऱ्याचे काय? आम्हाला नीळ आठवते. १८९७ साली जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने कारखान्यातली नीळ बाजारात आणली आणि थोड्याच वर्षांत बंगाल-बिहारची नीळ बसली. ज्याच्या हाती इल्म, त्याच्या हाती बाजार गेला.

म्हणून जडीबुटीच्या व्यापारी बंधूंना आमचे सांगणे एवढेच : मुलगा-मुलगी शास्त्र शाखेत असेल तर जैवतंत्रज्ञान शिकू द्या. गिऱ्हाईक तुटल्यावर जागे होऊन उपयोग नाही.