आपट्याची बॅट आणि आपल्या टाळ्या

निशिकांत कामत यांचा ‘डोंबिवली फास्ट’ (२००५) हा थरारपट आपल्या इंदूरच्या मराठी घरांत आजही आवडीने पाहिला जातो. अलीकडे एका घरगुती बैठकीत आम्ही तो पुन्हा पाहिला. दुकानदार छापील किमतीहून अधिक पैसे मागतो, बँकेतला पापभीरू माधव आपटे बॅट उचलतो आणि बैठकीत टाळ्या पडतात. चित्रपट संपला तेव्हा नेहमीचेच दोन पक्ष पडले. एकाच्या मते हा मराठी माणसाचा हुंकार, तर दुसऱ्याच्या मते अस्मितेच्या नावाखालची झुंडशाही.

आमच्या मते दोन्ही पक्षांनी चित्रपट पाहिलाच नाही. केवळ नायकाचे आडनाव वाचले. कामतांनी हीच कथा २००७ साली ‘एवनो ओरुवन’ या नावाने तमिळमध्ये केली. माधवन नायक झाला, आपटे गेला, डोंबिवली गेली. कथा मात्र उभीच राहिली. लॉस एंजेलिसमध्ये घडणाऱ्या ‘फॉलिंग डाउन’ (१९९३) या अमेरिकन चित्रपटाशी तिचे असलेले साम्य तर उघडच आहे. तीन भाषांत मावणाऱ्या या रागावर एकट्या मराठीने मालकी सांगावी, हे हास्यास्पद आहे.

मग या चित्रपटात राजकारण नाही काय? आहे, पण ते आडनावात नाही. जो आयुष्यभर नियमाने वागला, त्याला एके दिवशी नियम मोडून शासन करण्याचा अधिकार मिळतो, हा विचार थरारपटाचा वेग आपल्या गळी उतरवतो. मागावरच्या पोलीस अधिकाऱ्यालाही आपटे मनातून पटू लागतो. वाद घालायचा तर या विचाराशी घालावा. नायक आपला की परका, एवढेच मोजणाऱ्याला तो दिसतच नाही.

आणि हे मोजमाप इंदूरकरांना तरी परवडणारे नाही. ‘फॉलिंग डाउन’मध्ये नायकाचा पहिला हल्ला एका कोरियन दुकानदारावर होतो, अमेरिकेतील कोरियन समाजाने त्याचा निषेध केला होता. फेब्रुवारी २००८ मध्ये मुंबईत उत्तर भारतीय टॅक्सीचालकांना आणि फेरीवाल्यांना मारहाण झाली, तेव्हा इथल्या हिंदी भाषक शेजाऱ्यांशी बोलताना आमची मान खाली गेली होती. आपले पूर्वज मल्हारराव होळकरांच्या मागोमाग माळव्यात आले. या मातीने आपल्याला घरे दिली, मानमरातब दिला. ‘तुम्ही मूळचे कुठले?’ या प्रश्नाचे रूपांतर तिने आरोपात केले नाही. अस्मितेची बॅट एकदा उगारली गेली, की ती प्रथम बाहेरून आलेल्याचे दुकान शोधते. माळव्यात ते दुकान आपले आहे.

म्हणून टाळी वाजवण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःला एवढेच विचारावे: बॅट दुसऱ्याच्या हाती असती आणि दुकानावरची पाटी आपल्या आडनावाची असती, तर हे हात उठले असते काय?