गोळीचा प्रवास वर्गात यावा

तापाची आणि सर्दीची अशा दोन निरनिराळ्या नावांच्या गोळ्या एकाच दिवशी घेणाऱ्याला, दोहोंत पॅरासिटामॉलच असू शकते याची अनेकदा कल्पना नसते. हे द्रव्य आतड्यातून रक्तात शिरते, यकृतात त्याचे विघटन होते आणि अवशेष मूत्रावाटे बाहेर पडतात. मात्रा बेताची असेतो विघटनातून उपजणारे अल्पसे विष यकृत स्वतःच निष्प्रभ करते. ती अतोनात वाढली की तेच विष यकृताच्या मुळावर उठते.

माध्यमिक शाळेत पचनसंस्था शिकविली जाते. त्याच वाटेने जाणारी गोळी मात्र बहुधा वर्गाबाहेर राहते. औषधांच्या बाजारात ज्ञान विक्रेत्याजवळ, गरज ग्राहकाजवळ. १९७५ मध्ये हाथी समितीने औषधांची व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने हटविण्याची शिफारस केली. ती नावे आजही रूढच आहेत.

अर्धवट ज्ञानाने मुले स्वतःच वैद्य होतील, हा आक्षेप फसवा आहे. ती वैद्यकी आज घरोघरी चालतेच, तीही अज्ञानाच्या बळावर. वेष्टनावरील मूळ नाव व मात्रा वाचून, ‘हे डॉक्टरांना विचारले पाहिजे’ एवढे नववीतल्या मुलास उमगले, तरी शाळेने आपले काम केले.