गळती कोठें आहे?

शाळेंत तीस वर्षें संस्कृत शिकवितांना वरच्या वर्गांतील मुलांस न्यायशास्त्राची तोंडओळख करून द्यावी, अशी मला हौस होती. अभ्यासक्रमांत तो विषय नसे. तरी शनिवारीं शेवटच्या तासास मी फळ्यावर एक डोंगर काढीत असें, त्याच्या माथ्यावर धूर काढीत असें, आणि विचारीत असें कीं, या डोंगरावर विस्तव आहे हें न पाहतां तुम्ही कशावरून म्हणतां? धुरावरून अग्नीचें अनुमान करणें हें तर्कसंग्रहासारख्या प्रवेशग्रंथांतील ठरलेलें उदाहरण. पुढें मी त्याची उलट बाजू दाखवीत असें. धुरावरून अग्नि सिद्ध होतो. अग्नीवरून मात्र धूर सिद्ध होत नाहीं. लाल तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि आहे, पण धूर नाहीं. धूर निघण्यास सर्पण ओलें असावें लागतें. अशी जी मध्येंच लपून बसलेली अट, तिला शास्त्रकार उपाधि म्हणतात. आणि उपाधि न ओळखतां केलेलें अनुमान फसतें. इतकें सर्व फळ्यावर स्वच्छ अक्षरांत लिहिणाऱ्या मास्तरानें यंदाच्या वैशाखांत आपल्याच अंगणांत तीच चूक केली, आणि तिचा भुर्दंड भलत्यास पडला. ती हकीकत वाचकांस सांगावयाची आहे.

आमच्या घरीं २००८ सालीं घेतलेली एक व्हॅन आहे. पंधरा वर्षांची मुदत संपल्यावर २०२३ सालीं तिची नोंदणी पांच वर्षांकरितां पुन्हां करून घेतली. तिचें इंजिन पुढच्या दोन आसनांखालीं, रेडिएटर अगदीं नाकाशीं, आणि दोहोंस जोडणाऱ्या लांब नळ्या गाडीच्या पोटाखालून गेलेल्या. चिरंजीव पुण्यास असतात. ही गाडी आतां भंगारांत घालावी असें त्यांचें मत. माझी वडील बहीण दापोली तालुक्यांत एकटी राहते. तिचें वय ७८, डोळ्यांत मोतीबिंदु. मृग लागण्यापूर्वीं तिला वाईस आणून शस्त्रक्रिया करवावी, असें ठरलें होतें. एस्. टी. नें एवढा घाट चढून येणें तिला झेपत नाहीं. तेव्हां गाडी धड असणें हा आमच्या दृष्टीनें केवळ हौसेचा प्रश्न नव्हता.

चैत्रांत कूलंटच्या बाटलींतील पातळी खालीं गेलेली दिसली. गांवांतील एका गॅरेजमध्यें गाडी नेली. रेडिएटरच्या खालच्या तोंडास बसणारा रबरी पाइप फुगून मऊ झाला होता, तो तेथील अठरा-एकोणीस वर्षांच्या एका मुलानें बदलला व नवी क्लिप आवळून दिली. पंधरा दिवसांनीं परीक्षा म्हणून आम्ही उभयतां पांचगणीस निघालों. वाईपासून पांचगणीपर्यंत पसरणीच्या घाटानें सुमारें ६०० मीटरांचा चढ आहे. निम्मा घाट चढतों न चढतों तोंच तापमानाचा कांटा तांबड्या रेघेकडे सरकूं लागला.

येथें थोडें शास्त्र सांगणें अवश्य आहे. पेट्रोल जळून जी उष्णता उत्पन्न होते तिचा ढोबळमानानें चौथा ते तिसरा हिस्साच कामीं येतो. बाकीच्या उष्णतेंतील बराच भाग धुरांड्यावाटे जातो आणि बराचसा इंजिनाच्या अंगांत मुरतो. ती मुरलेली उष्णता वाहून नेण्याकरितां पंप कूलंट फिरवीत असतो. कूलंट म्हणजे पाणी व ग्लायकोल यांचें मिश्रण. ग्लायकोलामुळें तें उकळावयास अधिक तापावें लागतें आणि त्यांतील द्रव्यांमुळें धातूस गंज चढत नाहीं. रेडिएटरचें झांकणही साधें नसतें. आंतील दाब सुमारें ०.९ किलोग्रॅम दर चौरस सेंटिमीटर होईपर्यंत तें उघडत नाहीं. आणि एवढ्या दाबाखालीं साधें पाणीसुद्धां १०० अंशांऐवजीं ११८ अंशांच्या आसपास उकळतें. गळती झाली म्हणजे दुहेरी हानि होते. द्रव कमी होतो, आणि दाब टिकत नसल्यामुळें उरलेला द्रव लवकर उकळूं लागतो. त्यांतून घाटांत हवा विरळ. दर ३०० मीटरांच्या उंचीस पाण्याचा उत्कलनबिंदु सुमारें एका अंशानें उतरतो. म्हणूनच सपाटीवर शहाणी असणारी गाडी घाटांत रुसते.

आम्हीं गाडी वळणाशीं सावलींत उभी करून इंजिन बंद केलें. अशा वेळीं झांकण काढूं नये, हें एवढें मला ठाऊक होतें. दाबाखालीं रोखलेला द्रव झांकण सुटतांच वाफ होऊन उसळतो व तोंड-हात भाजून काढतो. तासाभरानें, सर्व हातास गार लागल्यावर, बरोबरचें पिण्याचें पाणी घातलें आणि हळूहळू घरीं परतलों. पुढें आठ दिवस रोज सकाळीं तांब्याभर पाणी घालण्याचा क्रम सुरू झाला. तो क्रम किती वाईट, हें मागाहून कळलें. रोजच्या पाण्यानें कूलंट पातळ होत जातें, आडाच्या जड पाण्याचा क्षार आंत बसतो, आणि मुख्य म्हणजे आपण कांहीं उपाय करीत आहों, असें उगाच समाधान वाटतें.

एके दिवशीं सकाळीं गाडीखालीं वाकून पाहिलें, तों बरोबर त्या नव्या क्लिपेवर हिरवट थेंब लोंबत होता आणि त्याच्या खालीं फरशीवर डाग. मला वाटलें, झालें. धूर दिसला, अग्नि सिद्ध झाला! तसाच गॅरेजवर गेलों. तेथें चार गिऱ्हाइकें बसलीं होतीं. त्यांच्यादेखत त्या मुलास म्हणालों, “काम मन लावून करावें, बाळ. एक क्लिप तुला नीट आवळतां येऊं नये?” मुलगा कांहीं बोलला नाहीं. खालीं शिरून त्यानें क्लिप आणखी अर्धा फेरा आवळली. मालकांनीं त्याला दोन शब्द सुनावले आणि त्या दिवसाची त्याची मजुरी कापल्याचें माझ्याच कानांवर घातलें, जणूं माझें समाधान व्हावें म्हणून. खरें सांगावयाचें तर तें झालेंही.

दुसऱ्या दिवशीं थेंब पुन्हां तेथेंच! मी पुन्हां गॅरेजकडे निघालों होतों. घरांतून विचारणा झाली, “अहो, कौलांतून गळतं तेव्हां थेंबाच्या बरोबर वरचं कौल बदलतात कां? पाणी वाशावरून वाहत येतं आणि भलतीकडे टपकतं. फुटकं कौल असतं वर, दोन हात पलीकडे.” आमच्या सौभाग्यवतींचें माहेर कोंकणांतलें, कौलारू घरांतलें. पुढें त्या म्हणाल्या, “आणि परवां भाचानं गाडी उलटी लावली होती ना, तेव्हां डाग मागं पडला होता. मींच धुतला.”

मी पायरीवरच बसलों. आमचें अंगण रस्त्याकडे उतरतें आहे, आणि गाडी नेहमीं नाक रस्त्याकडे करून उभी असते. थेंबाच्या वर छिद्र असतें, हें अनुमान खरें. परंतु थेंब सरळ खालीं पडला असेल तरच. उतार ही येथली उपाधि होती, आणि मी ती पाहिलीच नव्हती.

मग शोध रीतीनें आरंभिला. गाडीचें पोट फडक्यानें कोरडें पुसून घेतलें. पहिल्या रात्रीं नाक उताराकडे ठेवून खालीं जुनीं वर्तमानपत्रें अंथरलीं, कडेस दगड ठेवले, आणि चाकांच्या जागा पेन्सिलीनें आंखल्या. डाग क्लिपेखालीं पडला. दुसऱ्या रात्रीं गाडी उलट लावली. डाग आसनांच्याही मागें गेला. तिसऱ्या रात्रीं शेजाऱ्यांच्या सपाट फरसबंदीवर उभी केली, तेव्हां डाग दोहोंच्या मध्यें. रंग तिन्ही वेळां हिरवट होता. हें पाहणें महत्त्वाचें आहे, कारण वातानुकूलन चालविल्यावर गाडीखालीं जें स्वच्छ, वासहीन पाणी पडतें तो हवेंतील दमटपणा असतो, गळती नव्हे. तीन कागदांवरून एवढें निश्चित झालें कीं, खरें छिद्र क्लिपेच्या मागें, इंजिनाच्या बाजूस आहे, आणि कूलंट नळीच्या पोटाखालून सरकत उताराकडे जात आहे.

ते कागद घेऊन मी गॅरेजवर गेलों. त्याच मुलानें ते मन लावून पाहिले. इंजिन गार असतां त्यानें रेडिएटरच्या तोंडास दाब दाखविणारा हातपंप बसविला व झांकणावर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरली. त्याहून अधिक भरूं नये, नाहीं तर चांगले सांधेही फुटतात. कांटा हळूहळू उतरूं लागला. म्हणजे गळती आहे, हें ठरलें. क्लिप मात्र ठणठणीत कोरडी! मग त्यानें आसन उचललें आणि विजेरी व लहानसा आरसा घेऊन वॉटर पंपाच्या अंगाखालीं पाहिलें. तेथें एक बारीक छिद्र होतें, त्याच्या तोंडाशीं पांढरट-हिरवी खपली, आणि खपलींतून मोत्याएवढा थेंब फुगत होता.

त्या छिद्राविषयीं त्यानें जें सांगितलें तें मला फार आवडलें. तें छिद्र फुटल्यानें पडलेलें नसून करणाऱ्यानें मुद्दाम ठेवलेलें असतें. पंपाच्या दांड्याभोंवतीं कूलंट अडविणारें सील असतें आणि पलीकडे दांडा फिरविणारें बेअरिंग. सील झिजलें कीं कूलंट बेअरिंगमध्यें शिरून त्याचा नाश करील, तो त्याआधींच बाहेर पडावा व धन्यास कळावा, म्हणून ही वाट. कोणी अडाणीपणानें तें छिद्र लांबीनें बुजवितात. त्यांचा थेंब थांबतो आणि थोड्याच दिवसांत पंप जातो. पंप बदलला, जोडावरचें गॅसकेट नवें घातलें, सर्व कूलंट नवें भरलें, इंजिन चालवून आंत अडकलेली हवा काढली, आणि पुन्हां दाब दिला. कांटा हालला नाहीं.

त्या वेळींही गॅरेजमध्यें चार माणसें होतीं. ज्या आवाजांत मीं दोष दिला होता, त्याच आवाजांत म्हणालों, “क्लिप पहिल्यापासून नीट होती. चूक माझी झाली.” मालकांस बाजूस घेऊन कापलेली मजुरी परत देण्याविषयीं विनंति केली, ती त्यांनीं मान्य केली. मुलगा हात पुसत होता. तो म्हणाला, “गुरुजी, क्लिप मी दोनदां आवळली होती. पण तुम्ही म्हटल्यावर मलाच वाटाया लागलं, बहुतेक राहिली असंल.”

मजुरी परत करतां आली. हें वाक्य मात्र माझ्याजवळ राहिलें आहे. निरपराध माणसास शिक्षा होणें हें एक. परंतु सांगणाऱ्याचें वय व मान पाहून त्यानें स्वतःच्या हातांवरचा विश्वास गमवावा, हें त्याहून वाईट. वर्गांत दुसऱ्याच्या वहीवर पडलेला शाईचा डाग पाहून, जवळ दौत असलेल्या मुलास मीं उभें केलें, असें किती वेळां झालें असेल? त्यांतल्या किती मुलांनीं आपणच सांडली असेल असें मानून घेतलें असेल? त्यांस आतां कोठें शोधूं?

ज्यांच्या घरीं जुनी गाडी आहे त्यांच्याकरितां अनुभवाच्या चार गोष्टी लिहितों. बाटलींतील पातळी आठवड्यांतून एकदां, इंजिन गार असतां पाहावी. ती उतरत असेल तर कूलंट कोठें तरी जात आहेच. आंतील सतरंजी ओली, गोडसर वास आणि कांचेवर चिकट धुकें, अशीं चिन्हें असल्यास गाडी उबदार ठेवणाऱ्या हीटरची गळती समजावी. बाहेर थेंब नाहीं, पण धुरांड्यांतून पांढरा धूर सतत येतो, अथवा तेल दुधाळ झालें आहे, असें दिसल्यास हेड गॅसकेट गेल्याचा संभव असतो. मग गाडी चालवूंच नये. रेडिएटरमध्यें हळदीची पूड टाकण्याची चालकांची जुनी युक्ति आडरानांत एकवेळ घरीं पोंचवील. परंतु जी हळद छिद्र बुजविते तीच रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजविते. कूलंट रंगावरून निवडूं नये. गाडीच्या पुस्तिकेंत सांगितलें असेल तेंच घालावें. सांडलेलें कूलंट ताबडतोब धुवावें. तें चवीस गोड पण विषारी असतें, आणि कुत्र्यामांजरांस व लहान मुलांस त्याचा मोह पडतो.

ज्येष्ठांत, पावसापूर्वीं, बहिणीस घेऊन आलों. पोलादपुराहून महाबळेश्वरापर्यंत १,२०० मीटरांहून अधिक चढ. कांटा मध्यावरून हालला नाहीं. घरीं पोंचल्यावर दुसऱ्या सकाळीं बाटली पाहिली, पातळी खुणेवर होती. संवयीनें गाडीखालीं कागद अंथरला होता, तोही कोरडा निघाला. आतां माळ्यावर चढून कौलें पाहावयाचीं आहेत. स्वयंपाकघरांत गेल्या वर्षीं चुलीच्या बाजूस थेंब पडत होता. या खेपेस शोध वाशाच्या वरच्या टोकापासून सुरू करीन, आणि कौलें चाळणाऱ्या माणसास तोंवर कांहीं बोलणार नाहीं.