टक्के आणि क्रमांक

बारावीचा निकाल लागला की आमच्या सर्वणात घरोघरी ज्योतिषी निपजतात. 'नव्वदच्या वर? मग आयआयटी नक्की!' नाही तर, 'खेड्यातल्या पोरीला कसली आयआयटी?' दोन्ही भाकिते हवेतली.

आयआयटीसाठी बहुतेकांना बारावीत ७५ टक्के पुरतात. पुढचा निवाडा जेईई अ‍ॅडव्हान्स्डचा क्रमांक करतो. २०१६ पासून फर्मागुडीला आयआयटी आहे, म्हणून तिथे गोवेकरांना राखीव जागा असतील, हा समजही खोटा. गोव्याचा वेगळा कोटा आहे तो कुंकळ्ळीच्या एनआयटीत. मुलींसाठी आयआयटीत २०१८ पासून जादा जागा आहेत, त्यामुळे त्यांचा शेवटचा क्रमांकही वेगळा लागतो.

मी सरकारी कारकून, माझा विश्वास कागदावर. 'जोसा' दरवर्षी प्रत्येक शाखेचे शेवटचे क्रमांक जाहीर करते. वर्ग, कोटा आणि फेरी जुळवून तीन-चार वर्षांचे आकडे पाहावेत. तोही अंदाजच, पण पायाशुद्ध.

चुकीच्या भाकिताने आशा मोडते एवढेच नव्हे, पोरगी पसंतीच्या यादीत ते नावच घालत नाही. नकार द्यायचाच असेल तर तो यादीला देऊ द्या. शेजाऱ्यांनी तो आधीच का द्यावा?