स्टुडिओतले शूरवीर



रशियाचे नाव निघाले की आपल्यातील जुने कार्यकर्ते हळवे होतात. नाटोला आपला विरोध आहेच. पण मॉस्कोच्या सरकारी टीव्हीवर आज जे चालते, त्याचा कामगारांशी काडीचाही संबंध नाही.

अमेरिकेची किरणोत्सर्गी राख करू शकणारा आपलाच एक देश, अशी बढाई निवेदक किसेल्योव यांनी २०१४ साली मारली. मे २०२२ मध्ये त्यांनीच अण्वस्त्रांनी ब्रिटन बुडताना पडद्यावर दाखवले. दुसरे महाशय सोलोव्योव. पश्चिमेला शिव्या घालणे हा यांचा धंदा, बंगले मात्र इटलीत, कोमो सरोवराकाठी! २०२२ साली त्यांवर टाच येणार असे दिसताच स्वारीने कॅमेऱ्यासमोरच गळा काढला.

आणि युक्रेनमध्ये मरायला कोण? त्याच सप्टेंबरात ३ लाख राखीव सैनिकांची भरती जाहीर झाली, तेव्हा दागेस्तानात बायका रस्त्यावर उतरल्या. सरकारी टीव्हीतीलच संपादिका मारिना ओवस्यानिकोवा १४ मार्च २०२२ रोजी चालू बातम्यांत फलक घेऊन उभ्या राहिल्या : युद्ध नको, हे तुमच्याशी खोटे बोलत आहेत. पुढे त्यांना देश सोडावा लागला. नंतरच्या एका निदर्शनाबद्दल २०२३ साली त्यांच्या गैरहजेरीत साडेआठ वर्षांची शिक्षा झाली. राखेची भाषा करणाऱ्यांवर त्या देशात खटला नाही.