देवाला शेजाऱ्याचं काय सांगावं

चाचेर, तारसा, रेवराल, खात. ही आमच्या मौदा तालुक्यातली रेल्वे स्टेशनं. खुद्द मौद्याला प्रवासी गाडी नाही. आम्ही भंडारा रस्त्यावर एसटीची वाट बघणारी माणसं. पण तालुक्याच्या उत्तरेकडून धानाच्या बांध्यांमधून जी लाइन जाते, तिच्याविषयी मला लग्न होऊन इकडे आल्यापासून एक वेगळी आपुलकी आहे. माझं माहेर नगरचं. ज्यांचे अभंग म्हणत आम्ही नगरची ख्रिस्ती मुलं मोठी झालो, त्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं आयुष्य या लाइनवर वळलं.

1893 च्या सुमाराची गोष्ट. टिळक तेव्हा रेव्हरंड नव्हते. कोकणातल्या करजगावी जन्मलेले, तिशी ओलांडलेले, संस्कृत जाणणारे, एका नोकरीत फार काळ न टिकणारे कवी होते. नागपुरात अप्पासाहेब बुटींच्या आश्रयाला काही काळ राहून ते राजनांदगावच्या वाटेला लागले होते. डब्यात एक गोरा माणूस बसलेला. त्या काळी गोऱ्याच्या डब्यात शिरणाऱ्या देशी माणसाने कशाची अपेक्षा ठेवायची, हे ठरलेलं होतं. या माणसाने मात्र जागा दिली, आदराने गप्पा मारल्या, निरोप घेताना ‘नवा करार’ हाती ठेवला आणि वाचण्याची गळ घातली. पुढे चरित्रकारांनी त्याचं नाव अर्नेस्ट वॉर्ड असं नोंदवलं. टिळकांना पुस्तक काही लगेच आवडलं नाही. केवळ शब्द दिला म्हणून ते वाचत गेले आणि त्यातल्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

या गोष्टीतलं धर्मांतर बाजूला ठेवा. मला कुतूहल आहे ते त्या प्रवासातल्या काही तासांचं. समोर बसलेल्या अनोळखी माणसात वॉर्डसाहेबांना काहीतरी मोलाचं दिसलं. त्यांनी त्याच्या देवांना नावं ठेवायला सुरुवात केली असती, तर टिळकांसारखा तापट वादपटू पुढच्या स्टेशनवर डबा बदलून मोकळा झाला असता. त्या शतकातल्या मिशनरी पत्रकांमध्ये नावं ठेवण्याचा भाग कमी नव्हता, हे आम्ही ख्रिस्ती लोकांनी मान्य करायला हवं. इकडच्या माणसाकडे अंधारात चाचपडणारा जीव म्हणूनच पाहायची एक सवय होती. शाळा काढल्या, दवाखाने काढले, त्याबद्दल कृतज्ञता आहेच. पण उपकार करणाऱ्याला समोरच्यातलं चांगलं दिसतंच असं नाही. नागपूरचे स्टीफन हिस्लॉप त्यातल्या त्यात वेगळे. 1845 साली आले, शाळा काढली, आणि सोबत इथले दगड, इथले जीवाश्म, गोंडांची भाषा आणि गाणी असं सगळं कुतूहलाने टिपत राहिले. 1863 मध्ये टाकळघाटजवळ ओढ्याच्या पुरात ते गेले. आपण ज्यांना शिकवायला आलो त्यांच्याजवळही शिकण्यासारखं काही आहे, असं मानणारा माणूस मला जास्त ख्रिस्ती वाटतो.

टिळकांचंही तसंच. ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी तुकोबांना सोडलं नाही. उलट तुकोबांमुळेच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असं ते मानत आणि सांगत. जे घर सोडून आलो त्या घरातलं चांगलं मोठ्याने सांगायला धीर लागतो. नव्या घरातले लोक संशयाने बघतात. टिळकांकडेही बघत होते.

आता खरा मुद्दा. गाडीतल्या सहप्रवाशात चांगलं दिसणं त्या मानाने सोपं. तो राजनांदगावला उतरून जातो. त्याचं घोरणं, त्याची उधारी, त्याचा सकाळचा तिरसटपणा आपल्या वाट्याला येत नाही. ज्याच्याबरोबर एका छपराखाली जन्म काढायचा, त्याच्यातलं चांगलं दिसत राहणं हे काम अवघड, आणि त्या कामाची मराठीतली सगळ्यात मोठी जाणकार बाई म्हणजे टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक.

त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ मी माहेरी एकदा वाचलं होतं, तेव्हा हसून हसून पुरेवाट झाली होती. संसारात पडल्यावर पुन्हा वाचलं आणि वेगळंच पुस्तक हाती आलं. 1868 चा जन्म, नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनू. वडिलांचं सोवळं इतकं कडक, की बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही. अकरा-बारा वर्षांची असताना टिळकांशी लग्न. नवरा कसा? विद्वान, प्रेमळ, रागीट, लहरी. न सांगता उठून निघून जाणारा. हातात पैसा आला की तो कुणा गरजूच्या हाती देऊन रिकाम्या हाताने घरी येणारा. आणि शेवटी एक दिवस बायकोला न विचारता धर्म बदलून बसलेला.

यातलं लक्ष्मीबाईंनी काही म्हणजे काही लपवलेलं नाही. नवऱ्याचा राग सांगितला, वेडेपणा सांगितला, स्वतःची फजिती तर सगळ्यात आधी सांगितली. तरी पुस्तक मिटताना टिळकांविषयी वाचकाचा आदर वाढलेला असतो. ही किमया कशी साधली, याचा मी पुष्कळ विचार केला. मला वाटतं, बाईंनी दोष आणि गुण यांचे दोन वेगळे कप्पे केलेच नाहीत. ज्या उतावळेपणाने घरात चूल पेटायची पंचाईत होई, त्याच उतावळेपणाने कुणी पोरकं मूल घरी येई आणि घरचं होऊन जाई. माणूस एकच आहे, हे त्यांना दिसलं होतं.

आणि हे त्या लाचारीने म्हणत नव्हत्या, हे विशेष. टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर लक्ष्मीबाई लगेच त्यांच्यामागे गेल्या नाहीत. लहानग्या मुलाला, दत्तूला घेऊन चारपाच वर्षं वेगळ्या राहिल्या. बहीण भिकूताई आणि मेहुणे नानासाहेब पेंडसे यांनी त्यांना आधार दिला. जिचा नवरा ख्रिस्ती झाला अशा बाईला घरात ठेवून घेणं म्हणजे त्या काळी काय होतं, याची कल्पना करा. त्या माणसांचा चांगुलपणाही बाईंनी तेवढ्याच मायेने लिहिला आहे. त्यात हिंदू-ख्रिस्ती असा हिशेब नाही.

हे मुद्दाम सांगते, कारण आमच्याकडे, आणि सगळ्यांकडेच, ‘त्याच्यातलं चांगलं बघ’ हा सल्ला बहुधा बाईला दिला जातो. दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्याच्या बायकोला वडीलधाऱ्या बायका प्रार्थनेनंतर बाजूला घेऊन हेच सांगताना मी ऐकलं आहे. मला ते साफ नामंजूर आहे. मार खाणाऱ्या बाईला आधी सुरक्षित जागा द्या. चांगलं-वाईट पाहायचं ते नंतर, अंतर ठेवून. चांगलं पाहणं म्हणजे वाईट चालू देणं नव्हे. येशूने जक्कयाला उंबराच्या झाडावरून खाली बोलावलं, नावाने हाक मारली, ‘तुझ्या घरी येतो’ म्हणाला. जकातदारांचा मुख्य, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला माणूस. त्याच्यात चांगलं पाहणारा गावात दुसरा कुणी नव्हता. पण त्या जेवणाचा शेवट काय झाला? जक्कयाने अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ केली आणि ज्यांना फसवलं त्यांना चौपट परत करण्याचं कबूल केलं. पाहुणा जेवून गेला आणि जक्कय पुन्हा वसुलीला लागला, असं शुभवर्तमानात लूकने लिहिलेलं नाही.

माझ्या सासूबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ वाचलं नव्हतं. चौथीनंतर शाळा सुटली. वाचन म्हणजे बायबल आणि दिनदर्शिकेच्या मागची पानं. पण लक्ष्मीबाईंसारखी नजर त्यांच्यापाशी होती. आमच्या घरी रात्री जेवणाआधी कुटुंबप्रार्थना होते. घरातल्या प्रत्येकाचं नाव, आजारी कोण, परीक्षा कुणाची, पाऊस लांबला असेल तर पावसासाठी. नंतर शेजाऱ्यांची पाळी. आमच्या एका शेजाऱ्याशी नालीच्या पाण्यावरून जुनं भांडण होतं. सांडपाणी कुणाच्या बाजूने काढायचं, हा प्रश्न मौद्यासारख्या गावात घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या चालतो. दिवसभर त्या भांडणात आईंचा आवाज सगळ्यात मोठा. आणि रात्री प्रार्थनेत त्याच शेजाऱ्याचं नाव घेऊन त्या म्हणत, की देवा, या माणसाने दारू सोडली, पोरींना शिकवलं, म्हाताऱ्या आईला अंथरुणात असताना हाताने भरवलं, त्याला सुखी ठेव.

मी घरात नवी होते तेव्हा मला हे ढोंग वाटायचं. एकदा विचारलं, ‘आई, सकाळी इतकं बोलता, मग रात्री देवाला हे का सांगता?’

‘काऊन वं,’ त्या म्हणाल्या, ‘त्याचं वाईट देवाले मी सांगू? देवाले दिसत नाई का?’

यापलीकडे त्यांनी स्पष्टीकरण दिलं नाही. नालीचं भांडणही सोडलं नाही; ते ग्रामसभेत नेलं आणि सोडवून घेतलं. प्रार्थनेत चांगलं बोललो म्हणून पाणी आपल्या अंगणात घ्यायचं, असं त्यांच्या गणितात नव्हतं. पण रोज रात्री त्या माणसाविषयी एक तरी खरी चांगली गोष्ट शोधून मोठ्याने म्हणायची, हा नेम होता. त्यासाठी दिवसा त्याच्याकडे लक्ष द्यावं लागायचं. दुरून बघून म्हाताऱ्या आईला भरवणारा हात दिसत नाही.

तो शेजारी परमात्मा एक सेवक मंडळाचा. मौद्यात बाबा जुमदेवांचा आश्रम आहे. व्यसन सोडा, घरात प्रेमाने राहा, एक देव माना, ही बाबांची शिकवण घेऊन विदर्भातली पुष्कळ कुटुंबं दारूतून बाहेर आली. आमच्या गल्लीतच त्याची उदाहरणं आहेत. आमच्या काही लोकांना दुसऱ्या पंथाचं चांगलं म्हणताना जीभ जड होते. आपल्या देवळात आलं तरच माणूस सुधारतो, असा काहींचा समज असतो. मला तर वाटतं, येशूने चांगुलपणाचं उदाहरण द्यायला शोमरोनी माणूसच निवडला, हे आम्ही विसरतो. यहुद्यांना ज्यांचा विटाळ, त्या जमातीचा वाटसरू. लुटारूंनी वाटेत टाकलेल्या जखमी माणसापाशी थांबला तो तोच. याजक आणि लेवी बाजूने निघून गेले. आज ही गोष्ट मौद्यात सांगायची झाली, तर शोमरोन्याच्या जागी कुणाला बसवायचं, याचं उत्तर प्रत्येकाने आपल्या मनाशी द्यावं. मला माझं उत्तर माहीत आहे, आणि ते मला फारसं सुखाचं नाही.

लक्ष्मीबाईंच्या पुस्तकातला एक प्रसंग मला याहूनही मोठा वाटतो. त्या टिळकांकडे परत आल्या तरी धर्माने हिंदूच होत्या आणि सोवळं पाळत होत्या. राहुरीला असताना त्यांच्या डोक्यात विचारचक्र सुरू झालं. जात देवाने केली, की माणसाने? देवाने केली असती, तर पशुपक्ष्यांच्या जातींमध्ये दिसतो तसा फरक माणसांच्या शरीरात दिसला असता. तो तर कुठे दिसत नाही. मग हे सगळं माणसाचंच. विचार पुरा झाला आणि त्यांनी ठरवलं, की आता कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं. कुणी उपदेशक समोर नव्हता, नवऱ्याचा दबाव नव्हता. बाप्तिस्मा त्यानंतरचा, 1900 सालचा. धर्मांतराच्या आधी त्यांनी पाण्याचा पेला बदलला. विहिरीवर शोमरोनी बाईकडे येशूने पाणी मागितलं, त्याच जातीची ही गोष्ट आहे. समोरच्यात चांगलं आहे असं नुसतं मनात म्हणणं सोपं. त्याच्या हातचं पाणी पिणं ही परीक्षा.

ती परीक्षा आजही आहे. भाड्याने खोली देताना आडनाव विचारणारे लोक सगळ्या धर्मांत आहेत. सोयरीक जमवताना ‘मूळचे कोण’ हे हळूच विचारणारे ख्रिस्ती लोकही मी पाहिले आहेत. रविवारी एका पेल्यातून प्रभुभोजन घ्यायचं आणि सोमवारी असली चौकशी करायची, हे मला पटत नाही आणि पाळकसाहेबांनी वेदीवरून हे बोलावं, असं माझं मत आहे.

टिळकांच्या नगरच्या घरात बालकवी ठोंबरे राहायचे. शेवटपर्यंत हिंदू राहिले. लहरी, हळवा मुलगा; लक्ष्मीबाईंनी त्याला मुलासारखं सांभाळलं, त्याचे रुसवेफुगवे काढले आणि ते सगळं हसत लिहून ठेवलं. टिळकांनी तर 1917 मध्ये ‘देवाचा दरबार’ उभा केला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. दोन वर्षांनी, 1919 मध्ये, ते गेले. त्यांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं. शाळेत न गेलेली ही बाई, लिहायला-वाचायला नवऱ्याने शिकवलेली, त्याच नवऱ्याचं महाकाव्य पुरं करायला बसली. मराठी साहित्यात इतकी गोड परतफेड दुसरी मला ठाऊक नाही.

पौलाने फिलिप्पैकरांना पत्र लिहिलं तेव्हा तो कैदेत होता. जे जे सत्य, शुद्ध, प्रशंसनीय त्याचं मनन करा, असा सल्ला त्याने तिथून दिला. मोकळ्या हवेत बसून असं सांगणारे पुष्कळ. बेड्यांमध्ये बसून सांगणाऱ्याचं मी ऐकते. लक्ष्मीबाईंचंही त्याच कारणाने ऐकते, आणि आमच्या आईंचंही. त्या आता नाहीत. नालीवरचा शेजारी त्यांच्या मातीला आला, खांदा दिला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या घरून आमच्याकडे डबा आला. आम्ही तो जेवलो.

वाचकांना एक विनंती. ‘स्मृतिचित्रे’ सहज मिळतं, नागपुरातल्या कुठल्याही बऱ्या पुस्तकांच्या दुकानात मागा. एकट्याने वाचू नका. रात्री जेवणं झाल्यावर घरातल्या सगळ्यांनी बसून थोडं थोडं मोठ्याने वाचा, नवऱ्यांना तर आवर्जून बसवा. आणि वाचून झालं की ते पुस्तक, ज्याच्याशी तुमचं पटत नाही अशा शेजाऱ्याच्या घरी द्या.