जूनमधला बर्फ

आपल्याकडे आकाशकंदील लागतात त्या सुमारास, ऑक्टोबर सरता सरता, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरील न्यू ओलेसुंडचा सूर्य मावळतो, तो थेट फेब्रुवारीत उगवतो. सुमारे ७९ अंश उत्तर अक्षांशावरच्या या वस्तीत २००८पासून भारताचे ‘हिमाद्री’ संशोधनकेंद्र आहे. त्याचा कारभार गोव्यातल्या वास्कोहून चालतो. तेव्हा तिथल्या बर्फाची खबर घेणे आपल्यालाही भाग आहे.

हिवाळ्यात पडलेला बर्फ उन्हाळ्यात वितळणे हा तिथला ऋतुक्रमच. बिघडले आहे ते वेळापत्रक. आर्क्टिकमधल्या, म्हणजे उत्तर ध्रुवाभोवतीच्या, वृक्षहीन टुंड्रावर जूनमध्येही टिकणारी पांढरी चादर गेल्या अर्धशतकात झपाट्याने आक्रसली आहे. जूनच महत्त्वाचा, कारण इतक्या उत्तरेला डिसेंबरात सूर्यच नसतो. जूनमध्ये तो मावळत नाही. ताजा बर्फ ८० टक्क्यांहून अधिक प्रकाश परतवतो, उघडी जमीन मात्र त्यातला बहुतांश शोषून घेते. म्हणून जूनमधला बर्फ गेला की ऊन थेट जमिनीत मुरते. १९७९पासून आर्क्टिक जगाच्या जवळपास चौपट वेगाने तापला, त्यामागे हेही एक कारण आहे.

उबदार हवेत बाष्प जास्त मावते, त्यामुळे काही ठिकाणी हिवाळी बर्फ वाढतोही. तो दाखवून ‘कुठे आहे तापमानवाढ?’ असे विचारणाऱ्यांनी जूनमध्ये पुन्हा पाहावे. कधी तर थंडीच्या तोंडावर पाऊस पडतो. नोव्हेंबर २०१३मध्ये सैबेरियातल्या यामाल द्वीपकल्पात बर्फावर पाऊस पडला आणि लगेच गोठला. खालचा चारा त्या कवचाखाली अडकला. नेनेत्स पशुपालकांची सुमारे ६१,००० रेनडिअर उपासमारीने मेली.

पावसाची वर्षाची सरासरी भरली म्हणून पेरणी साधत नाही, हे मराठी शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. मृग कोरडा गेला आणि कापणीला पाऊस आला, तर ‘समाधानकारक पर्जन्यमान’ कागदावरच राहते. हवामानबदलाची चर्चा आपण ‘किती अंश, किती मिलिमीटर’ यांत अडकवतो. ‘केव्हा’ हा प्रश्नही तितक्याच आग्रहाने विचारायला हवा, मग तो टुंड्राचा असो वा माणदेशाचा.

या दिवाळी अंकातला ‘ऋतूंचे वेळापत्रक’ हा विशेष विभाग त्याच प्रश्नासाठी. कथा-कवितांची नेहमीची मेजवानी आहेच.

– संपादक